पुढचं बटण

मामंजी घरात आले की सुनेनं उठून उभं राहायचं, पदर सावरायचा, आणि ते बसल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. आमच्या साताऱ्याच्या घरातला हा नियम मला कुणी तोंडानं सांगितला नव्हता, पण सासूबाईंनी तो जन्मभर पाळलेला होता. मी मोडला. तोही कुठं, तर व्हिडिओ गेम खेळताना. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

माझं लग्न झालं तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. बोलणी चालली असताना माझ्या वडिलांनी भीतभीत विचारलं होतं, की पोरीचं एक वर्ष राहिलंय, तेवढं करू द्याल नव्हं? मामंजी म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर माझं लग्न लागलं. नवरा फौजेत. हळद उतरायच्या आत निघून गेला, आणि पुढच्या सुट्टीला येताना धाकट्या भावासाठी टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आला. मग तो परत गेला आणि गेम राहिला.

दुपारी सासूबाई आडव्या व्हायच्या, मामंजी वाचनालयात जायचे. कॉलेजातनं आलेले भावजी गेम लावून बसायचे, पण एकट्यानं खेळून खेळून कंटाळायचे. एक दिवस मला म्हणाले, बसा की वहिनी, कोण बघतंय. मी बसले. मला वाटलं होतं पोरखेळ असंल, पण कसलं काय, लय गोडी लागली.

दोन तलवारवाले समोरासमोर उभे असायचे. मागचं बटण दाबून धरलं की आपला गडी तलवार आडवी धरून वार अडवायचा. मला हे फार आवडलं. मी ते बटण सोडायचीच नाही. पण अडवलेल्या वारागणिक पडद्यावरची आपल्या जीवाची रेघ थोडी थोडी झिजायची. भावजी हसायचे. म्हणायचे, वहिनी, असं अंग चोरून मरण लांबतं, जिंकता येत न्हाई. मग त्यांनी पुढचं बटण शिकवलं. समोरच्याचा वार अंगाला लागणार त्याच क्षणी मागं न दाबता पुढं दाबायचं. तलवारीवर तलवार खणकन वाजते, समोरच्याचा हात वर उडतो आणि तो पार उघडा पडतो. जरा आधी दाबलं तर वार छातीवर. जरा उशीर झाला तरी छातीवर. तलवारीकडं बघू नका, खांद्याकडं बघा, म्हणाले. वार करायच्या आधी खांदा खाली जातो.

मला ते जमेना. मग उखळ आठवलं. दोघी मिळून कांडताना दुसरीचं मुसळ वर गेलं की आपलं खाली यायला पाहिजे. त्यात कुणी मोजत बसत नाही, हातालाच कळतं. त्या दिवसापासनं माझी तलवार वाजायला लागली.

हरायला लागल्यावर भावजींनी लबाडी काढली. मामंजींना ते आप्पा म्हणायचे. ऐन रंगात आलं की हळूच म्हणायचे, आप्पा आले. मी बटणं टाकून ताडकन उभी, पदर डोक्यावर, आणि तिकडं माझा गडी आडवा. दारात कुणी नसायचंच. दर वेळी मी फसायचे आणि दर वेळी उठायचे, कारण पाय माझं ऐकायचेच नाहीत.

शेवटी मी पैज लावली. मी जिंकले तर भावजींनी माझ्या परीक्षेचं मामंजींकडं काढायचं. मला स्वतःला विचारायची छाती नव्हती. ते कबूल झाले.

त्या दिवशी माझा हात असा लागला की काय सांगू. त्यांचा प्रत्येक वार मी पुढचं बटण दाबून उडवत होते. त्यांची रेघ संपत आली आणि ते कुजबुजले, "वहिनी, आप्पा आले."

मी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "येऊ द्या म्हाताऱ्याला. मी काय भीत न्हाई त्याला."

आणि जिंकले. वळून बघितलं तर भावजी उभे होते, आणि दारात मामंजी, चपला हातात घेऊन. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून ते दुपारी तसेच यायचे. मला उठायचंही सुचलं नाही. ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि माठातलं पाणी आपल्या हातानं घेऊन प्यायले. माझ्या देखत त्यांनी कधी स्वतः पाणी घेतलं नव्हतं. धरणी दुभंगावी असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासनं ते घरात शिरताना दारातच खाकरायला लागले. स्वतःच्या घरात. ते खाकरले की मी उठायचे आणि मान वर करायची नाही.

भावजी शब्दाला जागले. मला येऊन म्हणाले, "आप्पा म्हणत्यात, जी मला भीत न्हाई तिनं स्वतः येऊन विचारावं. रागात न्हाईत, वहिनी. जावा तुमी."

मी गेले. मामंजी पेपर वाचत होते. काय गं, म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, चहा ठेवू का? ठेव, म्हणाले. चहा आणून दिला. त्यांनी बशीत ओतून सावकाश घेतला, पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"आणि काय?"

एवढं सोपं करून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं होतं. आता नाही तर कधीच नाही, हेही मला कळत होतं.

"काय न्हाई, मामंजी," मी म्हणाले आणि बशी उचलून आत आले.

भावजी वाट बघत होते. माझं तोंड बघून म्हणाले, न्हाई म्हणाले ना? मी मान खाली घातली. एवढंच केलं, पण तेवढंच पुरलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी बापाला सुनावलं, की स्वतः बोलावून घेता आणि तिला न्हाई म्हणता, हे बरं न्हवं. सासूबाईंचा घास हातात राहिला. मी भाकरीची टोपली घेऊन उभी होते. मामंजींनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. बोल, आता तरी बोल, असंच ते बघणं होतं. मी टोपलीतल्या भाकऱ्यांवरचं फडकं सारखं करत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "मीच न्हाई म्हणालो."

भावजी ताटावरनं उठून गेले. महिनाभर ते बापाशी बोलले नाहीत, आणि मामंजींनी खरं काय ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. भावजी उठून गेले तेव्हा मी वाकून मामंजींच्या ताटात भाकरी वाढायला गेले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, पुरे.