दोरीनं बांधलेली पवनचक्की

अगं, अशी जवळ ये. सख्ख्या फुपूच्या, बापाच्या बहिणीच्या घरी येऊन कोणी बॅग मांडीवर धरून दारातल्या खुर्चीवर टेकतं का? ईदला आलीस आणि चहा निवायच्या आत उठलीस. वर गाडीत बसून काचेतून सांगितलंस की साताऱ्याला तुझ्या टेबलावर प्रस्ताव आलाय, सरकारी इमारतींच्या छपरांवर छोट्या पवनचक्क्या बसवायचा. वारा काय, फुकटच असतो, म्हणालीस. तेव्हाच हात धरून तुला खाली उतरवणार होते, पण गाडी हलली. म्हणून हे लिहितेय. घरात आपण आपल्या बोलीत बोलतो, पण लिहिता मला मराठीच येतं, तेही दवाखान्याच्या भिंतीवरचे लसींचे तक्ते वाचून वाचून आलेलं. चुकलं तर पोटात घाल.

आटपाडीच्या या अंगाला आमच्या गावचं आरोग्य उपकेंद्र आहे, तीन खोल्या आणि एक व्हरांडा. तिथं मी कितीतरी वर्षं मदतनीस होते. झाडलोट, पाणी उकळणं, बाळंतिणीचा हात धरून बसणं, सगळं माझ्याकडं. तिसरी खोली बाळंतपणाची. नुकत्या जन्मलेल्या बाळाला ऊब द्यायचं यंत्र त्या खोलीत होतं, पण लाईट दिवसातून केव्हाही जायची. टॉर्च लावलेला मोबाईल दातांत धरून टाके घालणारी नर्सबाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. त्या बाईचं सरकारकडं एकच मागणं होतं, लाईट गेली तरी ती खोली चालू राहिली पाहिजे. नाहीतर अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून खड्ड्यांतून आटपाडीला न्यायचं.

शेवटी पैसा मंजूर झाला. नर्सबाईंनी मागितली होती सोलरची पॅनेलं आणि चांगल्या बॅटऱ्या. आली पवनचक्की. कागदावरचं कारण असं की पलीकडच्या पठारावर मोठ्या पवनचक्क्या फिरतात, म्हणजे इथंही वारा भरपूर. खरं कारण ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर ऐकायला मिळायचं. सोलर आता कुणाच्याही घरावर असतं, पवनचक्की कशी, लांबून रस्त्यावरनं दिसते.

इंजिनिअर साहेब छपरावर जागा बघायला आले तेव्हा शिडी मीच धरली आणि मागोमाग चढलेही. आता वारा बघायला आमच्याकडं कुणाला यंत्र लागत नाही. ज्वारी उफणायला घडवंचीवर, त्या उंच तिवईवर, चढायच्या आधी बाई मूठभर भुसा सोडून बघते. सरळ गेला तर पाटी उचलायची, गिरकी घेतली तर जागा बदलायची. मी पदरात भुसा बांधून नेला होता. छपराच्या एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला दोन थोराड चिंचा. मी कडेला उभी राहून भुसा सोडला. तो हातभर पुढं गेला, गोल फिरला आणि साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर येऊन बसला.

मी म्हणाले, "साहेब, हितं वारा न्हाई, नुसती भोवरी हाय. खांब माळावर रोवा, खळ्यापाशी. हाकेवर हाय."

शर्ट झटकत ते म्हणाले, "मावशी, पैसा इमारतीच्या नावावर आलाय. माळ गायरानात येतो. भुशासाठी नियम बदलू का मी?"

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, ती मी बोललेच नाही. मिरजेला तुझे आजोबा, माझे अब्बा, तंबोरे करायचे. तार कितीही चांगली असो, आवाज घुमवतो तो खालचा पोकळ भोपळा, हे मी परकरात असल्यापासून बघत आलेली. पोकळ खोलीच्या डोक्यावर थरथरणारं यंत्र ठोकलं की काय होणार, हे मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. पण पत्रिका छापून झाल्या होत्या. नर्सबाई म्हणाल्या, असू द्या, काहीतरी तर मिळतंय. उद्घाटनाला पेढ्यांचं ताट घेऊन मीच सगळ्यांपुढं फिरले. पाहुण्यांनी फीत कापली तेव्हा पाती हलेनात, मग एकानं बांबूनं ढोसून फिरवली आणि मंडपात टाळ्या पडल्या. ते ताट आठवलं की मला त्या लोकांची येते तेवढीच माझीही किळस येते.

आषाढात वारा सुटला. चक्की फिरली आणि खाली खोली घुमायला लागली. भिंतीला हात लावला तरी तळव्याला मुंग्या यायच्या. कळा सोसणारी एक सून मला म्हणाली, "आवं मावशी, त्ये आधी थांबवा. पोटातल्या कळा परवडल्या." नर्सबाई तिच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकत होत्या, त्यांना ठोके सापडेनात, सगळी घरघरच. ब्रेकचा दांडा अडकलेला. वारा जरा पडला तशी मी वर गेले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीनं पाती खांबाला बांधून टाकली. त्यानंतर जोराचा वारा आला की बांधायची, हेच ठरून गेलं. बाकीच्या महिन्यांत सोडून ठेवली तरी ती जेमतेम डुलायची. बॅटरीत भरणार काय, कपाळ? शेवटी दोरी कायमचीच राहिली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी थंडी मी म्हणत होती. लाईट गेलेली, बॅटरी मेलेली, ऊब देणारं यंत्र गार. बाईला जीपमध्ये घातलं. ओढ्याच्या पुलाशीच बाळ आलं. मी ते माझ्या लुगड्यात घेतलं आणि पोटाशी धरून बसले. मुलगी जगली, हा तिचा चिवटपणा. यात कुणा साहेबाचं काही श्रेय नाही.

पुढच्याच आठवड्यात वरून निरोप आला, चक्की चालू स्थितीत असल्याचा फोटो पाठवा. दोरी सोडली, झुळकेची वाट बघत माणसं छपरावर उन्हात बसली, फोटो काढला, पुन्हा बांधली. काम समाधानकारक, असा शेरा आला. बेअरिंग गेलं तेव्हा कळलं की बसवायला पैसा असतो, दुरुस्तीला कुठल्याच खात्यात नसतो. कंपनी तर फोनही उचलेना. तेवढ्याच खर्चात आसपासच्या चार उपकेंद्रांवर पॅनेलं बसली असती, हे त्याच साहेबांनी नंतर माझ्याच हातचा चहा पिता पिता हसत सांगितलं. हसत, बरं का. मला तो कप धुवावासाही वाटेना.

नर्सबाईंनी पुन्हा पॅनेलांचा अर्ज केला. उत्तर आलं, या इमारतीला अपारंपरिक ऊर्जेचा लाभ एकदा दिलेला आहे, दुसऱ्यांदा देता येणार नाही. आता तिथं बाळंतपणं होत नाहीत. त्या खोलीत फवारणीचे पंप आणि जुन्या फायली ठेवल्यात, दाराला कुलूप आहे. पोरी कळा सुरू झाल्या की जीपमध्ये चढतात.

तुझा जिल्हा वेगळा, साहेब वेगळे, हे मला समजतं. पण कुठल्या तरी छपराखाली अशीच एखादी खोली असेल आणि तिथं कुणीतरी बाई आडवी असेल. सही करायच्या आधी एकदा ये. सणावाराला नको, साध्या दिवशी ये, मुक्कामाला ये. किल्ली नर्सबाईंकडून मागून ठेवते, तू स्वतः ते दार उघडून बघ. मग जेवायला घालते. पण लवकर ये, बाई.