माप कुणाचं घेतलंत?

जीप माझी नाही, हे मला कळलं ते फायबरवाल्याच्या शेडमध्ये. तोवर मी समजत होते की जी बाई रोज गाडी चालवते, तिचं पंक्चर काढून आणते, ती बंद पडली की भर उन्हात बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहते, तिचीच ती गाडी. भाबडी मी.

आमची कलमांची बाग मालगुंडच्या वरच्या अंगाला, कातळावर. खाली घर, वर बाग आणि मधे जांभ्या दगडाची उभी चढण. पावसाच्या पाण्याने तिला मधोमध खोल चर पाडलाय. साधी गाडी तिथे चढत नाही, म्हणून सासऱ्यांनी जुनी फोर-व्हील जीप घेतली होती. सासरे गेले. आमचे हे मुंबईला नोकरीला, ते शिमग्याला येणार आणि गणपतीला येणार. म्हणजे गडी मी बघायचे, फवारणी मी बघायची, आंबा मी उतरवायचा. जीपही शिकले. पहिल्या वर्षी दोनदा बागेच्या दगडी गडग्यावर घातली, मग हात बसला.

खाऱ्या वाऱ्याने तिचा डॅशबोर्ड सडला होता. पत्रा बोटाने तुटायचा, वायरी गुडघ्यावर लोंबायच्या. इंजिन तापलं की पंखा सुरू करायला दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या, तेही चढणीवर. यंदा काढणीच्या आधी ठरवलं, बस झालं, माझ्या हाताला येईल असा नवा करून घ्यायचा. पत्र्याचा पुन्हा सडणार, म्हणून बंदरावर होड्यांना फायबर मारणाऱ्या एकाकडे गेले. हे आणि तो शाळेत एका बाकावर होते. मी त्याला भावोजी म्हणते, आणि ह्यांना गावात सगळे दादा म्हणतात.

भावोजींना सगळं समजावलं. मी बुटकी, पाठीला उशी घेऊन बसते. मीटर स्टीअरिंगच्या चाकातून दिसले पाहिजेत. पंख्याचं बटण डाव्या हाताशी हवं. आणि वरची कड खाली ठेवा, कारण चर दिसला नाही तर चाक त्यात जाईल आणि गाडी क्रेटांसकट कलंडेल. ते "होय वहिनी, होय वहिनी" करत होते. चहा पाजला. मी खूश होऊन घरी आले.

काम झाल्याचा फोन आला, गेले. डॅशबोर्ड बसवून तयार होता आणि दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू. मी चढून बसले आणि समोर पाहिलं तर नुसता डॅशबोर्ड. वरची कड माझ्या नाकाला लागलेली. मीटर कुणा उंच माणसाच्या डोळ्यांकडे बघत होते. पंख्याचं बटण गाठायला पुढे वाकले तर क्लचवरचा पाय सुटला.

"भावोजी, माप कुणाचं घेतलंत?"

"दादाचं," ते अगदी सरळपणे म्हणाले. "मुंबयला फोन केलेला. त्याने टेप लावून सांगितलं सगळं. गाडी त्याची ना, वहिनी."

"चालवतं कोण?"

"आता तुम्ही चालवता. पण दादा येल तेव्हा तोच बसणार ना स्टीअरिंगला? त्याचे गुडघे आपटले तर मला काय बोलेल तो?"

वर्षातून दोनदा येणाऱ्या गुडघ्यांची केवढी ती काळजी. आमच्याकडे सगळं असंच आहे. मुंबईकर येणार म्हणून कोंबडा राखायचा, मुंबईकराची खाट दुसऱ्या कुणी वापरायची नाही, घरातलं कुठलंही काम काढलं की "त्याला येऊ दे" म्हणायचं. मीही करते हे सगळं, आणि आवडीने करते. पण चढणीवर डोळे माझे असतात.

ह्यांना फोन लावला. "अगं, गाडी माझ्या नावावर आहे म्हणून त्याने विचारलं असेल," हे म्हणाले. "एवढं काय त्यात? बुडाखाली एक उशी जास्त घे." बुडाखाली उशी घेतली तर पाय पोचत नाहीत, हे सांगायच्या आत डोस्कं फिरलं आणि मी फोन बंद केला.

भावोजींकडे खेटे घातले. कड कापून द्या म्हटलं. कधी होड्यांची घाई, कधी माणूस नाही, आणि शेवटी ठरलेलं, "दादाला एकदा इचारतो." यंदा आंबा लवकर होता, तोवर काढणी सुरू झाली. मी मान बाहेर काढून जीप चालवू लागले. एक दिवस उतरताना चाक चरात गेलंच. क्रेट घरंगळले आणि शेजारी बसलेल्या गडीणीचं कपाळ लोखंडी दांड्यावर आपटलं. टेंगूळ आलं. "काय नाय झाला, बाय," ती म्हणाली आणि वर हसली. त्या दिवशी मला भावोजी समोर हवे होते, आणि हेही.

शिमग्याला हे आले. बागेत निघताना सवयीने स्टीअरिंगकडे वळले. मी म्हटलं, आज तुम्ही बाजूला बसा. सगळी चढण त्यांनी मला मान बाहेर काढून चढताना पाहिलं. चराजवळ त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला. वर पोचल्यावरच तो सोडला.

"रोज अशी येतेस?"

"रोज मागे क्रेट असतात."

ह्यांनी तिथूनच फोन लावला. "अरे, हिच्या मापाचा कर," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी ग्राइंडर घेऊन दारात हजर. होड्या नाहीत, घाई नाही. मला बसवून माप घेतलं, कड उतरवली, मीटर चाकामागे आणले, पंख्याचं बटण डाव्या हाताशी बसवलं. मी एक शब्द बोलले नव्हते. म्हणजे पहिल्या दिवशी मी जे जे सांगितलं, ते त्यांनी नीट ऐकलं होतं. नीट ऐकून बाजूला ठेवलं होतं.

हे म्हणाले, "झालं ना काम? आता कसला राग?" मीही भावोजींना तेच सांगितलं होतं, गडीणीचं टेंगूळही सांगितलं होतं, आणि त्याने एक स्क्रू हलला नव्हता.

फायबर वाळल्यावर भावोजींनी हात पुसले, खिशातून चावी काढली आणि ह्यांच्या हातात दिली. "बघ रे चालवून." मी दोघांच्या मधे उभी होते. मी ती ह्यांच्या हातातून घेतली आणि कुणाला बसायला न सांगता जीप वर काढली. चर सगळा स्वच्छ दिसत होता. बाग येईपर्यंत मी दोघांना मोठमोठ्याने शिव्या घालत होते.