लंकाबाईचे तीन सेकंद

निमगाव सावा या गावात आमच्या किराणा दुकानामागच्या खोलीत ब्याण्णव साली टीव्ही आला. टीव्ही माझ्या वडिलांचा, झुंबरलालशेटचा. पण त्यावरचं काय चांगलं आणि काय भिकार हे ठरवायची लंकाबाई. चार घरं सोडून राहायची, दिवसभर कांदा निवडून थेट आमच्याकडे यायची आणि दाराजवळच्या पोत्यावर टेकायची. खुर्ची दिली तरी घ्यायची नाही. "खुर्चीत बसलं की मानूस सगळ्यालाच चांगलं म्हनतो," असं तिचं म्हणणं.

माझी आजी धापूबाई मालिकांची परमभक्त. पडद्यावर सून रडली की इकडे आजीचा पदर ओला. लंकाबाईला तेवढंच पाहिजे असायचं.

"धापूबाई, एवढे कारखाने हायेत म्हनं ह्यांचे, पन कामाला कुनीच जात न्हाई. दिसभर जिन्यात उभं राहून कान लावत्यात."

एकदा सासूनं सुनेच्या थोबाडीत मारली आणि ती एकच थोबाडीत तीन-तीनदा दाखवली. लंकाबाई म्हणाली, "आपल्याकडं तीन मारत्यात आन एक बी दिसू देत न्हाईत." खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या, दोघी सोडून.

मालिकेतला मेलेला नवरा नवं तोंड घेऊन परत आला आणि बायकोला ओळखू येईना, तेव्हा आजी कासावीस झाली. लंकाबाईनं आपल्या नवऱ्याचा दाखला दिला. "आमचा भागू अंधारात नुसता खाकरला तरी मला कळतं, किती घेऊन आलाय ते." मधेच लोडशेडिंग झालं की आजी कपाळाला हात लावायची आणि ही म्हणायची, "आजचा भाग हितनं म्होरं चांगला हाय."

करमणूक म्हणून हे सोडून द्यावं तर तसंही नव्हतं. यात्रेत पडद्यावर कुठला सिनेमा लावायचा हे यात्रा कमिटीचा चांगदेव तिला विचारून ठरवायचा. तिच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं. मत तेवढं स्वतःचं होतं आणि ती ते जिवापाड जपायची. तिचा खरा राग होता तो पुरुषाला लुगडं नेसवून केलेल्या विनोदावर. "आमी जलमभर लुगडं नेसतोय, तवा कुनाला हसू आलं न्हाई. बाप्यानं नेसलं की लगेच इनोद!" असला सिनेमा तिनं यात्रेत कधी येऊ दिला नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मुंबईत एका विनोदी कार्यक्रमाला टाळ्या वाजवायला माणसं हवी होती. माझ्या मामाच्या ओळखीचा एकजण असे प्रेक्षक गाड्या भरभरून न्यायचा. विनोदाला भाडोत्री हसणारे लागतात हे मला तेव्हा कळलं. गावातल्या आम्ही दहाजणी जीपमधून गेलो. स्टुडिओत लंकाबाई आणि मी पुढे शेजारी बसलो, बाकीच्यांना पार मागे बसवलं. एसीत सहा तास कुडकुडलो. एक पोरगा हात वर करायचा, की आम्ही हसायचं. स्टेजवर एक बुवा लुगडं नेसून कंबर हलवत होता. हात वर झाला, सगळ्या हसल्या, लंकाबाई ढिम्म.

"मावशी, हसा की," पोरगा जवळ येऊन म्हणाला.

"आदी हसवा की," ती म्हणाली.

मग दिवे हलवायला सगळं थांबलं. तेवढ्यात तोच पोरगा वायरीत पाय अडकून चहाच्या थर्माससकट पालथा पडला. लंकाबाई मान मागे टाकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मीही हसले. कॅमेरे चालूच होते, पण ते आम्हाला कुठलं माहीत!

पंधरा दिवसांनी कार्यक्रम लागला. आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लुगड्यातल्या बुवानं कंबर हलवली, काहीतरी फालतू बोलला, आणि लगेच पडदाभर लंकाबाई! मान मागे टाकून, डोळे पुसत हसणारी. शेजारी मी. मोजून तीन सेकंद.

खोलीत एकच कल्ला झाला. चांगदेव ओरडला, "आरं, लंकाबाईला पटलं की राव! आता यात्रेला असलाच पिच्चर आनू."

"न्हाई!" लंकाबाई ताडकन उठली. "ते हसू ह्याच्यावरलं न्हाई. ते पोरगं पडलं व्हतं, तवाचं हाय. तिथलं काढून हितं चिकटावलंय त्यांनी."

आजीनं पंधरा वर्षं टोमणे ऐकले होते. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझं रडणं खोट्यासाठी, आणि तुझं हसणं डोळ्यांनी दिसलं तेही खोटं? काहीतरी खरं राहू दे, बाई."

सगळे पुन्हा हसले. लंकाबाई माझ्याकडे वळली.

"टीने, तू व्हतीस की गं शेजारी. सांग ह्यांना."

होते मी. मला सगळं लख्ख आठवत होतं. पण बायका माझी हनुवटी धरून, तू टीव्हीत किती गोड दिसतेस, असं सांगत होत्या. ते हसू चोरीचं निघालं असतं तर माझा गोड चेहराही चोरीचाच ठरला असता. आज लिहितानाही लाज वाटते.

"मला नाही बाई आठवत," मी म्हणाले. "सगळ्याच हसत होत्या."

लंकाबाईनं दारात जाऊन चपला पायात सरकवल्या.

"पंधरा वर्सं ह्या खोलीत बसले," ती म्हणाली, "पन एवढी झ्याक ॲक्टिंग आजच बघितली."