मांडी घालून बसणारे मास्तर

परीक्षेच्या दिवशी सहादेव मास्तर गाडीत मांडी घालून बसतात. चपला काढून, पंगतीला बसावं तसे, आणि वर पट्टाही लावतात. त्यांच्या या मांडीपायी मी दोनदा नापास झाले, त्यामुळे सुरुवातीलाच त्यांच्याविषयी गोड बोलणं मला जमणार नाही.

बेलापुरात त्यांचा ड्रायव्हिंग क्लास आहे. माणूस साठीकडे झुकलेला, तोंडात कायम बडीशेप, शिकवणार मात्र जीव तोडून. शिकाऊ लायसन्स मी घरबसल्या काढलं, मोबाईलवर वाहतुकीच्या खुणांची उत्तरं देऊन. वाटलं, गड सर झाला. मग कळलं, पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला महिनाभर थांबायचं, गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा, आणि पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी बसल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आमच्या घरात असा माणूस एकच, माझा नवरा, आणि तो शेजारी बसला की उसाची ट्रॉली दिसायच्या आधीच देवाचं नाव घ्यायला लागतो. म्हणून मास्तर. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक आहे. शिकवताना त्यांचे पाय त्यावर तयार असतात. परीक्षेला तेवढी मांडी.

परीक्षेत चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा पुढे काढायची. आमचा सगळा मुलूख कालव्याचा, सपाट. कालव्याच्या पुलाला जेवढा चढ तेवढाच आमचा घाट. दोन्ही वेळा माझी गाडी घसरली आणि खाली उभ्या असलेल्या आरटीओच्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या खेपेला परत येताना मी भडकलेच.

“मास्तर, शिकवणारे हळूच पाय लावतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तुमचे पाय काय देव्हाऱ्यात बसवलेत?”

ते रागावले नाहीत. पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली.

“लावायचो की मॅडम. माझ्याइतकं कुनीच लावत नसंल. माझ्याकडचं कुनी नापास होत न्हाई, असं गावभर नाव हुतं माझं.”

मग त्यांनी दीपाचं सांगितलं. दीपा इथल्या उपकेंद्रात नर्स. माहेर पारनेरकडचं. पगारातून जुनी गाडी घेतली होती, घरात गाडी चालवणारी ती पहिलीच. परीक्षेत चढावर तिची गाडी घसरायला लागली, तसा मास्तरांनी ब्रेक दाबला, क्लच लागेपर्यंत धरला आणि सोडला. गाडी झोकात वर गेली. दीपाला काहीच कळलं नाही. तिला वाटलं, आपणच चढवली. तिने क्लासवर पेढे आणले आणि मास्तरांनी ते खाल्ले.

लायसन्स हातात आलं तशी ती वडिलांना फिरवायला माहेरी गेली. पारनेरकडे रस्ते आमच्यासारखे नाहीत. घराजवळच्या चढावर शेरडं आडवी आली, गाडी थांबली आणि बंद पडली. वडील, रंभाजी, खाली उतरले आणि चाकामागे दगड लावायला वाकले. दीपा म्हणाली, “बाबा, ऱ्हाऊ द्या, मला येतं.” आणि गाडी मागे आली. त्यांचा पाय नडगीत मोडला.

“मी भेटाया गेलो,” मास्तर म्हणाले. “दीपाताई रजा घिऊन तिथंच ऱ्हायली हुती. मलाच म्हनती, मास्तर, तुमचा काय दोष न्हाई, तुमी बरोबर शिकवलं हुतं, परीक्षेत तर एका दमात चढवली हुती मी. माझंच ध्यान गेलं. आन् म्हातारा खाटंवरून हात जोडतोय, मास्तर, तुमी देवमानूस, एवढ्या लांब आला. च्या तसाच ठिवून उठलो मी.”

तरी ते बोलले नाहीत. पुन्हा गेले, डाळिंबं घेऊन. पुन्हा गेले, पायाला चोळायच्या तेलाची बाटली घेऊन. दर वेळी सांगायचं ठरवून निघायचे आणि दर वेळी क्लासचं नाव आठवून गप्प बसायचे. एवढा मोठा शहाणा माणूस आणि नर्सच्या घरी तेल पोचवत होता! पण मी हसले नाही, कारण सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

एकदा गेले तर अंगणात गिऱ्हाईक उभं. दीपाने गाडी विकायला काढली होती. पुन्हा चाकाला हात लावणार नाही म्हणाली. तेव्हा मास्तरांच्या तोंडून निघालं, “ताई, तवा तुमी चढवलीच न्हवती. पाय माझा हुता.”

दीपाने गिऱ्हाइकाला जायला सांगितलं आणि किल्ली आणली. मास्तरांना शेजारी बसवून त्याच चढावर गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

“आता खरं शिकवा,” ती म्हणाली.

मास्तरांनी शिकवलं. क्लच निम्मा सोडा, गाडी थरथरली की तिथंच पाय थांबवा, थोडं रेस द्या, मगच हँडब्रेक सोडा. तिने एकदाही त्यांच्याकडे न बघता ऐकलं.

“समजलं. आता उतरा आन् मागं जाऊन उभं ऱ्हा. बाबा उभं हुतं तिथं.”

“आणि तुम्ही गेलात?” मी विचारलं.

“जावंच लागलं की. कुठल्या तोंडानं न्हाई म्हनू? तिनं आरशात बगितलं, मी दिसतोय का त्ये. गाडी चालू झाली. वीतभर मागं आली, मॅडम. वीतभर. मग गेली वर.”

“नंतर बोलली तुमच्याशी?”

“न्हाई. अजून न्हाई. गाडी चालवती, क्लासवरूनच जाती रोज. बापाला घिऊन बी जाती.”

त्यांनी खिशातून बडीशेप काढली, पण तोंडात टाकली नाही.

“तिथं गाडीमागं हलाया कितीबी जागा हुती मला. हललो न्हाई. खाली बगितलं तर मॅडम, माझा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा जमिनीला दाबून धरलेला. सवयीनं. म्हनजे तवाबी मला तिच्यावर इश्वास न्हवता.”

मी गाडी चालू केली आणि पुलाच्या चढावर मधोमध थांबवली. शेजारी मास्तरांनी पाय वर घेतले आणि मांडी घातली.