तिच्या घराची पट्टी

आटपाडीकडच्या आमच्या गावात मी घर बांधलं असं लोक म्हणतात. खोटं आहे. मी फौजेतनं पैसा धाडला, भिंती बायकोनं उभ्या केल्या. म्हणून घर तिच्या नावावर. दर वर्षी घरपट्टी भरायला ती ठेवणीतलं इरकल नेसून ग्रामपंचायतीत जायची. मी संगं निघालो की म्हणायची, "तुमी कशाला? घर माजं हाय, तुमी पावनं." मी आपला बाहेर लिंबाखाली बसायचो. ती पावती पदराच्या गाठीला बांधून यायची आणि घरापर्यंत माझ्या पुढं चालायची. एरवी कधी पुढं चालली नाही.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तेराव्यानंतर ग्रामसेवक म्हणाला, आता वारसाचं नाव लावा. मी म्हटलं, वर्षश्राद्धाआधी तिचं नाव खोडायचं नाही. त्यानं मुदतीचा अर्ज लिहून दिला, मी सही ठोकली. मला वाटलं, आता पट्टीपण थांबली. शिवाय भरायला गेलो आणि नाव गेलं तर? फिरकलोच नाही.

मार्चात शिपाई दारात. म्हणाला, मुदत नाव बदलायच्या कागदाला आहे, पट्टीला नाही, दंड चढतोय. मग गेलो.

कॉम्प्युटरवर नवीन पोरगी होती. मी आधीच विचारलं, "पट्टी भरली तर तिचं नाव ऱ्हातंय का?"

"ऱ्हातंय की आबा. पावती त्यांच्याच नावानं निघंल. नाव सांगा."

जन्मभर मी तिला 'ऐकलंस का' म्हणालो, नाही तर 'पोराची आई'. फौजेतनं पत्रं धाडली तीसुद्धा माझ्या आईच्या नावानं. लग्नात घास भरवताना बायकांनी अडवलं म्हणून एकदा नाव घेतलं होतं. तेव्हा ती पदरात हसली होती.

हळूच सांगितलं. पोरीला ऐकू गेलं नाही. मग परेडवर सांगतात तसं दणकून सांगितलं.

मागं रांगेत माझ्या वयाचा एक गडी होता. म्हणाला, "आरं गड्या, बायकूचं नाव घेतलंस की रं."

"घेतलं," मी म्हणालो. "मालकीन हाय घराची."

दंडासकट पैसे भरले. पावतीवर तिचं नाव बघितलं. गाठ मारायला पदर नव्हता, टोपीत घातली. बाहेर आलो आणि सवयीनं लिंबाखाली बसलो. बराच वेळ बसलो.