दोन भागांत सुटणारी रायफल घ्यावी का?

कुसुमताई, गुडघा काय म्हणतोय? नाना, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? पिंकी, बाळाचा खोकला थांबला का? मी इथे नेदरलँड्समध्ये, ब्रेडा शहरात लेकाकडे ठणठणीत आहे.

आज मी लेक आणि सूनबाई मधुरा यांच्याबरोबर तिच्या नेमबाजीच्या क्लबात गेले होते. तिला स्वतःची छोट्या बोअरची, म्हणजे बारीक नळीची, रायफल हवी आहे, दोन भागांत सुटणारी. पिशवीत मावते, म्हणजे सामन्यांना सायकलवर एकटीला जाता येईल. सध्या क्लबाची लांबलचक रायफल न्यायची, म्हणून लेकाला सवड असेल तेव्हाच गाडीतून जाणं होतं. पण रायफल चांगलीच महाग. "क्लबाची आहे की वापरायला," असं लेकाचं म्हणणं.

मला वेगळीच शंका. सारखी सोडून जोडली तर नेम सरकणार नाही? मी कुकरसुद्धा दुकानात झाकण लावून-काढून बघून घेते!

क्लबातल्या यान नावाच्या डच आजोबांकडे तशीच रायफल आहे. त्यांनी ती मधुराला वापरून बघायला दिली. मी म्हटलं, "प्रत्येक गोळीनंतर सुटी कर, पुन्हा जोड, मग मार."

"आई, दमवतेस गं तिला!" लेक हसला.

कागद जवळ आणला तर सगळी भोकं रुपयाएवढ्या जागेत. "बघा आई!" म्हणताना मधुराचा चेहरा असा फुलला, की या देशात आल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. लेकानेही पाहिला. म्हणाला, "परवान्याचा अर्ज उद्याच करू."

मी म्हणते घ्यावी. घरात बंदूक म्हणून कुणाला धाकधूक वाटत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. लवकर लिहा हं, मधुरा वाट बघतेय.