गाडी सुटायच्या आधीचं गाऱ्हाणं

आमच्या गावात कामाला मोजमाप आलं ते मुंबईहून, एका पेन्शनर माणसाच्या कोटाच्या खिशातून. साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. माणूस मूळ आमच्याच गावचा, पण उभा जन्म मुंबईच्या गोदीत, गोऱ्या कंपनीच्या माल रवाना करायच्या खात्यात काढून परत आलेला. आंबा सोसायटीचं चेअरमनपद रिकामं होतं आणि इंग्रजीत सही करणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून गावाने ते त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांच्या कोटाच्या एका खिशात साखळीचं घड्याळ असे आणि दुसऱ्यात तपकिरीची डबी. वैशाखात कोट घालणारा माणूस आम्ही तोवर फक्त नवरदेव म्हणून पाहिला होता.

सोसायटीचं काम तसं साधं. सकाळी गडी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे काढायचे. आम्ही बायका बागेतल्या मांगरात, झावळ्यांनी शाकारलेल्या खोपीत बसून ते पेंढ्यात रचायचो आणि लाकडी पेट्या भरायचो. मग माझे बाबा त्या पेट्या बैलगाडीत घालून तळेऱ्याला, तीन वाटा मिळतात त्या तिठ्यावर न्यायचे. तिथून मुंबईची लॉरी दिवेलागणीला सुटायची. ड्रायव्हर घाटावरचा होता, त्याला आमच्या गावाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, तो कोणासाठी थांबत नसे. लॉरी चुकली की पेट्या तिठ्यावर पडून राहायच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात आंबा आतल्या आत मऊ व्हायचा. बाबांची लॉरी आठवड्यातून एक-दोनदा तरी चुकायचीच.

यात बैलांचा दोष नव्हता. तळेऱ्यापर्यंतच्या वाटेवर राखणदारांच्या जागा होत्या. कुठे वडाखाली, कुठे व्हाळाच्या काठी, कुठे नुसताच शेंदूर लावलेला दगड. त्या जागेचा जो कोण अदृश्य धनी, त्याला मान दिल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही असा रिवाज होता. बाबा प्रत्येक ठिकाणी खाली उतरायचे, विडी ठेवायचे, दोन शब्द बोलायचे, आणि राखणदाराला एकट्याने विडी ओढायला कंटाळा येऊ नये म्हणून स्वतःही एक ओढायचे. जागा पुष्कळ होत्या आणि बाबांना एकाही राखणदाराचं मन मोडवत नसे.

चेअरमननी पहिल्याच बैठकीत सगळ्यांना मांगरात उभं केलं. ऑफिसची मराठी बोलायचे ते. म्हणाले, "आजपासून काम अंदाजाने चालणार नाही. तासाला पेट्या किती भरल्या आणि गाडी किती वेळात तिठ्यावर पोचली, हे रोज फळ्यावर लिहिलं जाईल."

पेट्या भरणाऱ्यांत माझी काकी सगळ्यांत तिखट. ती म्हणाली, "आंबे मोजूनच भरतव मां आमी. आनी काय मोजूचा?"

"वेळ," चेअरमन म्हणाले आणि घड्याळ बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं, जणू आम्ही ती वस्तू जन्मात पाहिली नव्हती. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. नवा कच्चा रस्ता झाला होता. एक लॉरीवाला थेट मांगरापर्यंत यायला तयार होता. हंगामाच्या मध्यावर बैठक होईल, आणि तोवर गाडी रोज वेळेवर पोचायला लागली नाही, तर वाहतूक त्या लॉरीवाल्याकडे जाईल.

बाबा बाहेर गेले आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. आंब्याच्या वाहतुकीवरच त्या जोडीची पेंड निघायची. गाडी गेली असती तर बैल विकावे लागले असते, आणि बैल गेल्यावर पावसाळ्यात आमची शेती कोण नांगरणार होतं? मला त्या घड्याळाचा असा राग आला की ते विहिरीत फेकावंसं वाटलं. आणि गंमत बघा, फळ्यावर वेळा लिहायचं काम चेअरमननी मलाच दिलं, कारण मी सातवीची फायनल पास होते. तिठ्यावरचा दुकानदार गाडी पोचल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि बापाच्या उशिराचे आकडे रोज माझ्याच हाताने फळ्यावर लिहायचे.

पहिल्या आठवड्यात पेट्यांचा आकडा भराभर चढला. चेअरमन खूश. मग मुंबईच्या दलालाने सांगावा धाडला, की तुमच्या पेटीत वर हापूस आणि खाली लिंबं असतात काय? झालं होतं असं, की आकडा वाढवायचा म्हणून बायकांनी लहान-मोठं निवडणं सोडून दिलं होतं. हाताला येईल तो आंबा पेटीत जात होता. चेअरमननी विचारलं तेव्हा काकी शांतपणे म्हणाली, "तुमी पेट्यो मोजूक सांगितलात, आमी पेट्यो भरलव. आंबे खंय सांगितलात?" त्या दिवशी चेअरमननी लागोपाठ दोनदा तपकीर ओढली.

नंतर ते गाडीकडे वळले. स्वतः बाबांशेजारी बसून तळेऱ्यापर्यंत गेले आणि प्रत्येक थांब्यावर घड्याळ बघितलं. परतल्यावर म्हणाले, बैल उत्तम चालतात, वेळ सगळा विड्यांत जातो. हे थांबे बंद करायचे.

बाबा म्हणाले, "सायबानू, घड्याळ तुमचा, पण वाट तेंची आसा. तेंका इचारल्याशिवाय मी कसो जातलंय?"

चेअरमन जन्माने आमच्याच गावचे, त्यामुळे राखणदाराला उघड नाही म्हणायची छाती त्यांचीही नव्हती. शेवटी देवळात कौल लावायचं ठरलं. गुरवाने पाषाणाला फुलाच्या कळ्या चिकटवल्या आणि देवाला विचारलं, की वाटेवरच्या सगळ्या राखणदारांचा मान गाडी सुटायच्या आधी मांगरातच एकदम दिला तर चालेल काय? चालत असेल तर उजवी कळी दे. डावी पडली. चेअरमन म्हणाले, प्रश्न नीट विचारला गेला नाही. पुन्हा विचारला. पुन्हा डावी. मग गुरवाने उजव्या कळ्यांना जरा जास्तच पाणी लावलं. आता पाण्याने सैल झालेली कळी पडणारच, पण असं बोलायचं नसतं. तिसऱ्या वेळी उजवी पडली, सगळ्यांनी हात जोडले, आणि देवाने सोसायटीच्या कामकाजाला मंजुरी दिली.

दुसऱ्या दिवसापासून पेट्या गाडीत चढल्या की बाबा मांगरासमोर उभे राहून, एकेका राखणदाराला हाक मारत गाऱ्हाणं घालू लागले. "बा वडाकडच्या म्हाराजा," ते म्हणायचे, आणि आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा." "बा व्हाळाकडच्या म्हाराजा." "व्हय म्हाराजा." एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण आंबे काढणाऱ्या गड्यांनी विचारलं, आमच्या बागेतल्या राखणदाराने काय पाप केलंय? पेट्यांना खिळे ठोकणाऱ्या सुताराला आपल्या घरामागचा आठवला. काकीने तर माहेरचा आणला, जो तळेऱ्याच्या वाटेवर सोडाच, तालुक्यातही नव्हता. बाबांना कोणाचं मन मोडवत नाही, हे मी सांगितलंच आहे. गाऱ्हाणं इतकं लांबलं की बैल जुवाखाली उभ्या उभ्या पेंगायला लागले.

आणि तरीही फळ्यावर बाबांची वेळ झपाट्याने सुधारली. कारण चेअरमनच्या नियमाप्रमाणे वेळ धरायची ती गाडीचं चाक हलल्यापासून. गाऱ्हाणं संपेपर्यंत चाक हलतच नव्हतं. मी रोज झोकदार आकडे लिहीत होते, चेअरमन ते बघून मान डोलवत होते, आणि लॉरी पूर्वीपेक्षाही जास्त वेळा चुकत होती. घड्याळ उघडून, फळ्यासमोर उभे राहून ते स्वतःशीच म्हणाले, "हे कसं शक्य आहे?" मला हसू आवरेना. पण बैठक जवळ येत चालली होती, आणि बाबा संध्याकाळी बैलांजवळ पहिल्यापेक्षा जास्त वेळ बसायला लागले होते. ते बघून हसू जिरायचं.

मग एक दिवस असा आला की सकाळी आंबे उशिरा उतरले. दुपार कलली तरी निम्म्या पेट्या रिकाम्या. आता पेट्या भरून मग गाऱ्हाणं घालायचं म्हटलं तर लॉरी हमखास चुकणार होती. बाबा दारात आले, आत बघितलं, बाहेर उन्हाकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमी भरा गो. मी सुरू करतंय."

त्यांनी दारातूनच गाऱ्हाणं सुरू केलं. आम्ही मान खाली घालून पेट्या भरत होतो आणि उत्तर देत होतो. "बा वडाकडच्या म्हाराजा." "व्हय म्हाराजा," आणि आंबा पेंढ्यात. "तुझ्या लेकरांची गाडी तुझ्या वाटेन येतली." "व्हय म्हाराजा," आणि पुढचा आंबा. भात लावताना गाण्यावर हात चालतात तसे सगळ्यांचे हात एका तालात चालायला लागले. बडबड बंद, उठबस बंद. लहान-मोठं निवडायलाही बाबांच्या दोन वाक्यांमधला अवकाश नेमका पुरत होता. सुतारही तालावर खिळे ठोकत होता. काकीच्या माहेरचा राखणदार आला तोवर शेवटची पेटी बंद झाली होती. मी मान वर केली तर चेअरमन घड्याळ उघडून उभे होते, घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आणि शेवटचं "व्हय म्हाराजा" आमच्याबरोबर त्यांच्याही तोंडून निघालं.

त्या दिवशी लॉरी मिळाली. दुसऱ्या दिवशीही मिळाली. मग ती पद्धतच पडली, आणि दलालाच्या तक्रारीही बंद झाल्या.

बैठकीत लॉरीवाला धुतलेला सदरा घालून आला होता. बाबा मागे भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या हातातली न पेटवलेली विडी चुरगळून गेली होती. चेअरमन उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "प्रस्तुत हंगामात वाहतुकीच्या पद्धतीत समाधानकारक सुधारणा..." मग कोण जाणे काय झालं, त्यांनी बाबांकडे बघितलं आणि जन्माने मिळालेल्या भाषेत म्हणाले, "गाडी तुझीच ऱ्हवतली रे. आता ती ईडी टाक आनी दुसरी पेटव." मी रडले. काकीने मला चिमटा काढला आणि स्वतः पदराने डोळे पुसले.

त्या पावसाळ्यात चेअरमन गेले. साधा ताप आला आणि गेले. त्यांच्यामागे वळणावरच्या घरात कोणी नव्हतं, दारावर कुलूप लागलं. आम्ही त्यांची नक्कल करून करून दमलो होतो, त्यांच्या कोटाला कितीतरी नावं ठेवली होती, पण पुढच्या हंगामात मांगरात पेट्या भरायला बसलो तेव्हा दारात कोणी घड्याळ घेऊन उभं नव्हतं आणि आमचे हात जड झाले होते.

बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. वडाकडचा झाला, व्हाळाकडचा झाला, काकीच्या माहेरचा झाला. आता संपलं असं आम्हांला वाटलं, तर बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "आनी बा वळणावरच्या घड्याळवाल्या म्हाराजा. तू आमका लय धावडवलंस. पण माझे बैल माझ्या दारात आसत ते तुझ्यामुळा. तुझो मान तुका दितंय, तो मान्य करून घे, आनी आजची लॉरी गावांदे."

कोणी हसलं नाही. "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं.

गाडी सुटली. मांगरातून दिसणाऱ्या, चेअरमनच्या बंद घराकडच्या वळणावर बाबांनी बैल थांबवले. देवाने सगळे थांबे माफ केले होते, पण हा नवा होता, याचा कौल कोणी घेतला नव्हता. त्यांनी खाली उतरून कुंपणाच्या गडग्यातल्या दगडावर चिमूटभर तपकीर ठेवली आणि पुन्हा गाडीत बसले. लॉरी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर गाडीची वेळ लिहिली, आणि वळणावर गेलेला वेळ त्यातून वजा करून टाकला. चेअरमनना हे मुळीच चाललं नसतं.